जोडले आहे, पण इंटरनेट नाही : ॲक्सेस पॉइंट आणि शेतावरचे स्थानिक नेटवर्क

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे चालू लागले, की शीतला घाट आणि अहिल्याबाई घाट ओलांडून आपण मुन्शी घाटावर पोहोचतो. नागपूरच्या भोसले दरबारातील मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२ च्या सुमारास हा घाट बांधला आणि नाव त्यांचेच राहिले. वरचा महाल १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी घेतला. तेव्हापासून लगतचा भाग दरभंगा घाट म्हणून ओळखला जातो. मराठी माणसाला या पायऱ्यांवर परके वाटत नाही. एका बाजूस अहिल्याबाईंचे नाव आहे, दुसऱ्या बाजूस नागपूरकरांचे.

भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेतील प्रशिक्षणासाठी आम्ही काही विस्तार कार्यकर्ते वाराणसीस गेलो होतो. एकाच झाडावर वांगी आणि टोमॅटो देणारे संस्थेचे दुहेरी कलम त्या दिवशी पाहिले होते, आणि त्याची छायाचित्रे गावाकडच्या शेतकरी गटास पाठवण्याची सर्वांनाच घाई होती. सायंकाळी मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर बसलो असता एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर आमच्या लॉजच्या वाय-फायचे नाव उमटले. लॉज मागच्याच गल्लीत होता आणि त्याच्या गच्चीवरचा ॲक्सेस पॉइंट नदीकडे तोंड करून बसवलेला होता. त्यांनी जोडणी केली. पडद्यावर अक्षरे आली : ‘जोडले आहे, इंटरनेट नाही.’

“अहो, जोडले आहे म्हणतो आणि इंटरनेट नाही असेही म्हणतो. यांतले खरे कोणते?” त्यांनी विचारले.

दोन्ही खरे होते. हा प्रश्न काशीच्या घाटावर विचारला गेला तितकाच तो पॉलिहाऊसमध्ये, शेतकरी उत्पादक कंपनीच्या प्रतवारी केंद्रात आणि कृषी विज्ञान केंद्राच्या सभागृहातही रोज विचारला जातो. तेथे त्याचे उत्तर ठाऊक नसल्याची किंमत मोजावी लागते. कधी प्रशिक्षणाचा दिवस वाया जातो, कधी हजारो रुपयांची यंत्रणा गंजत पडते. म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर पाहू.

एका डब्यातील तीन कामे

घोटाळ्याचे मूळ घरातील त्या पांढऱ्या डब्यात आहे. आपण त्याला सरसकट ‘वाय-फाय’ किंवा ‘राउटर’ म्हणतो. वस्तुतः त्यात तीन निराळी यंत्रे एकत्र नांदत असतात. पहिले बाहेरून आलेल्या तारेशी वा फायबरशी बोलते. त्याला मोडेम म्हणावे. दुसरे राउटर. आतील नेटवर्क आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये कोणता मजकूर कोणीकडे जावा हे ते ठरवते आणि आतल्या प्रत्येक उपकरणास पत्ता देते. तिसरे यंत्र म्हणजे ॲक्सेस पॉइंट. त्याचे काम एवढेच, की हवेतून आलेला मजकूर तारेवर घालायचा आणि तारेवरून आलेला हवेत सोडायचा. तारेच्या पलीकडे काय आहे, याच्याशी त्यास कर्तव्य नसते.

घाटाचेही तसेच आहे. पायऱ्या आपल्याला पाण्यापर्यंत नेतात. पाणी आणणे हे पायऱ्यांचे काम नव्हे. ॲक्सेस पॉइंट आपल्याला स्थानिक नेटवर्कपर्यंत नेतो. त्या नेटवर्कमधून पुढे इंटरनेटकडे वाट आहे की नाही, हा स्वतंत्र प्रश्न होय. मोठ्या सभागृहात किंवा विस्तीर्ण प्रक्षेत्रावर ही तिन्ही यंत्रे वेगवेगळी बसवलेली असतात. कार्यालयात एक राउटर आणि त्याला तारेने जोडलेले चार-सहा ॲक्सेस पॉइंट, अशी ती मांडणी असते. तेथे तर हा भेद डोळ्यांनीच दिसतो.

नोंद कशी होते

आता जोडणी म्हणजे नेमके काय घडते ते पाहू. ॲक्सेस पॉइंट कोणी ऐकत असो वा नसो, सेकंदास सुमारे दहा वेळा आपली ओळख हवेत पुकारत असतो. माझे नाव हे, माझी सुरक्षा या प्रकारची, मी अमुक वेगांनी बोलू शकतो, असा तो छोटा संदेश असतो. आपल्या पडद्यावर जी नावांची यादी उमटते ती या पुकाऱ्यांतून. भ्रमणध्वनी स्वतःहूनही विचारणा करतो आणि उत्तराची वाट पाहतो. काही मंडळी सुरक्षेसाठी नाव लपवून ठेवतात. त्याचा फारसा उपयोग नाही. उलट मग आपला भ्रमणध्वनीच जाईल तेथे त्या नावाने हाका मारीत हिंडतो.

नाव निवडल्यावर नोंदणी होते. त्र्यंबकेश्वरला किंवा काशीला गेलेल्यांना हा प्रकार परिचित आहे. तीर्थोपाध्याय आधी गाव आणि आडनाव विचारतात, मग नामावळी उघडतात आणि आपली नोंद करतात. ॲक्सेस पॉइंटजवळही अशी वही असते. प्रत्येक उपकरणाचा सहा जोड-अंकांचा मॅक पत्ता त्यात लिहिला जातो आणि उपकरणास एक क्रमांक मिळतो. मानकाप्रमाणे असे २००७ क्रमांक देता येतात. पण स्वस्त डबा काही डझन नोंदींतच दमून जातो, हे खरेदीच्या वेळी लक्षात ठेवावे.

त्यानंतर परवलीचा शब्द. येथे एक सुंदर व्यवस्था आहे. तो शब्द हवेतून कधीच पाठवला जात नाही. दोन्ही बाजू एकमेकींस यादृच्छिक आकडे देतात, त्या आकड्यांवर आणि परवलीवर गणित करतात आणि चार संदेशांच्या देवघेवीतून ‘तुला ठाऊक आहे ते मलाही ठाऊक आहे’ एवढेच सिद्ध करतात. त्याच गणितातून पुढच्या संभाषणाची किल्ली तयार होते. परवल चुकली तर गाडी येथेच थांबते आणि पडदा तसे स्पष्ट सांगतो.

शेवटची पायरी पत्त्याची. उपकरण विचारते, ‘मला पत्ता देणारे कोणी आहे का?’ राउटर सांगतो, ‘हा घे.’ उपकरण म्हणते, ‘हाच घेतो.’ राउटर त्यावर शिक्का मारतो. या चार संदेशांच्या पद्धतीस डीएचसीपी म्हणतात. मिळणारा आयपी पत्ता कायमचा नसतो. तो ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यावर असतो. पत्त्यासोबतच बाहेर जाण्याचे दार कोणते, हेही कळवले जाते. एवढे झाले की उपकरण स्थानिक नेटवर्कचे सभासद झाले. इंटरनेटचा या साऱ्यात अजून कोठेही संबंध आलेला नाही.

या शेवटच्या पायरीने आम्हांस एकदा चांगलाच धडा दिला. निर्यातक्षम डाळिंबाच्या बागांची ऑनलाइन नोंदणी शिकवण्याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण होते. रोज पन्नास शेतकऱ्यांची एक तुकडी. पहिला दिवस सुरळीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या तुकडीतील एकाचाही भ्रमणध्वनी चालेना. नाव दिसत होते, परवल बरोबर होती, आणि पडदा ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ या वाक्यावर खिळून राहिला होता. “नेट गेले,” असे सर्वानुमते ठरले. सेवा पुरवठादारास दूरध्वनी झाले, माणूस दुपारी येईल असे कळले, आणि लांबच्या गावांतून रोजगार बुडवून आलेली मंडळी चहा घेऊन परत गेली. दुपारी आलेल्या तंत्रज्ञाने दोन मिनिटांत उलगडा केला. डब्यात पन्नासच पत्ते वाटपासाठी ठेवलेले होते आणि भाडेपट्टा चोवीस तासांचा होता. कालची तुकडी घरी गेली होती, पण तिचे पत्ते तिच्याच नावावर होते. नेट कोठेही गेले नव्हते. पत्त्यांची संख्या दोनशेवर नेली आणि मुदत एका तासावर आणली असती, तर तो दिवस वाचला असता. ती मांडणी करण्यास कोणा बाहेरच्या माणसाची गरजही नव्हती. तेव्हापासून मी ज्या सभागृहात प्रशिक्षण असेल तेथे आदल्या सायंकाळी हे दोन आकडे पाहून ठेवतो.

एका वेळी एकच बोलतो

हवा ही सर्वांची सामायिक पाटाची वाट आहे आणि तिला पाळी लावावी लागते. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांमधील संगणक रेडिओने जोडण्यासाठी अलोहानेट सुरू केले. तेथे नियम साधा होता : बोलायचे असेल तेव्हा बोला, दोघे एकदम बोलले तर थोडे थांबून पुन्हा बोला. १९९७ साली वाय-फायचे पहिले मानक आले. त्यातील नियम अधिक शिस्तीचा आहे : आधी ऐका, हवा मोकळी असेल तर क्षणभर थांबा, मग बोला, आणि पोच मिळाली नाही तर पुन्हा बोला. रेडिओला एकाच वाहिनीवर बोलताना ऐकता येत नाही, म्हणून ही पोचेची व्यवस्था.

याचे दोन परिणाम विस्तार कार्यकर्त्याने ओळखले पाहिजेत. पहिला असा, की दूर बसलेला, क्षीण संकेत मिळणारा भ्रमणध्वनी हळू बोलतो आणि तेवढाच मजकूर सांगण्यास हवेचा अधिक वेळ खातो. त्यामुळे जवळच्यांचाही वेग पडतो. दुसरा असा, की दोन उपकरणे ॲक्सेस पॉइंटला ऐकू येतात पण एकमेकांना नाही, अशी स्थिती गोदामाच्या दोन टोकांना सहज निर्माण होते. मग दोघेही हवा मोकळी समजून एकाच वेळी बोलतात. यावर उपाय म्हणजे अधिक शक्तीचा डबा नव्हे, तर मध्यावर आणि उंचावर बसवलेला, किंवा एकाऐवजी दोन. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. शेजारचे दोन डबे एकाच वाहिनीवर असले, तर त्यांना एकमेकांची पाळी पाहावी लागते.

इंटरनेटविना चालणारे नेटवर्क

येथे माझ्या मते या विषयाचा गाभा येतो आणि आपल्याकडे त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. स्थानिक नेटवर्क हे स्वतःच एक साधन आहे.

समजा, साठ शेतकऱ्यांना प्रत्येकी ५० मेगाबाइटची एक चित्रफीत द्यायची आहे. एकूण ३,००० मेगाबाइट झाले. सभागृहाची बाहेरची जोडणी सेकंदास १० मेगाबिटची असेल तर ती संपूर्ण वापरूनही चाळीस मिनिटे लागतात. तीच चित्रफीत सभागृहातील एका लहान संगणकावर ठेवली आणि ॲक्सेस पॉइंट प्रत्यक्षात सेकंदास १०० मेगाबिट देत असेल, तर चार मिनिटांत वाटप होते. बाहेरच्या जोडणीचा एक थेंबही खर्च होत नाही. ती बंद असली तरी चालते. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक यास पुरतो. कीड ओळखण्याची चित्रे, फवारणीच्या शिफारशी, संस्थेच्या पुस्तिका हे सारे अशा स्थानिक भांडारात ठेवून डोंगराळ भागातील शिवारफेरीतही नेता येते. लागते काय, तर बॅटरीवर चालणारा एक ॲक्सेस पॉइंट आणि तो संगणक.

पॉलिहाऊसमधील तापमान व आर्द्रतेचे संवेदक, ठिबक व फर्टिगेशनचा नियंत्रक, कांदाचाळीतील कॅमेरा हीदेखील स्थानिक नेटवर्कचीच सभासद उपकरणे होत. परंतु खरेदीच्या वेळी एक गोष्ट विचारली जात नाही. बाजारातील कितीतरी यंत्रणा अशा आहेत, की पॉलिहाऊसमध्ये उभे राहून आपण भ्रमणध्वनीवर ‘मोटार सुरू’ असे बटण दाबले तर ती आज्ञा आधी दूरच्या शहरातील कंपनीच्या संगणकाकडे जाते आणि तेथून परत आपल्याच पॉलिहाऊसमध्ये येते. बाहेरची जोडणी तुटली की दहा फुटांवरचा फॉगरही ऐकत नाही. एप्रिलमधील दुपारी जरबेराच्या पॉलिहाऊसमध्ये एवढा विलंब परवडत नाही. म्हणून विक्रेत्यास प्रात्यक्षिकाच्या वेळीच सांगावे, “इंटरनेटची तार काढा आणि आता याच भ्रमणध्वनीवरून मोटार चालू करून दाखवा.” जो दाखवील त्याच्याशी पुढचे बोलावे.

पिकाची उंची आणि खांबाची उंची

सभागृहातून शेतात गेलो की नियम बदलतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर आणि ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा. पाणी या लहरी शोषते, आणि हिरवे पीक म्हणजे उभे पाणीच. पावसाने भिजलेली पाने तर अधिकच. मुन्शी घाटावर त्या सायंकाळी लॉजचा संकेत जेथे गच्ची दिसत होती तेथे उत्तम होता. वालुकाश्माच्या एका बुरुजाआड सरकलो की नाहीसा होत होता. आपल्याकडे बुरुजाचे काम ऊस करतो.

उसाच्या पट्ट्यात हमखास घडणारी गोष्ट अशी. विहिरीवर संवेदक बसवायचा, घरावर ॲक्सेस पॉइंट. काम मे महिन्यात होते, तेव्हा मधले रान मोकळे असते, सर्व काही छान चालते. सप्टेंबरात ऊस डोक्यावर जातो आणि यंत्रणा ‘बिघडते’. बिघडलेले काहीच नसते. दोन टोकांमधली रेडिओ-लहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही. ती काकडीच्या आकाराची जागा व्यापते, टोकांना निमुळती आणि मध्ये फुगीर. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांच्या नावाने हे क्षेत्र ओळखले जाते. एक किलोमीटर अंतरावर २.४ गिगाहर्ट्झसाठी मध्यभागी त्याची त्रिज्या सुमारे ५.६ मीटर होते आणि तिचा निदान साठ टक्के भाग, म्हणजे साधारण ३.४ मीटर, मोकळा हवा. ऊस साडेतीन मीटर उभा राहील असे धरले, तर दोन्ही टोकांचे खांब सात मीटरचे हवेत. अर्धा किलोमीटर असेल तर ही त्रिज्या चार मीटरवर येते आणि सहा मीटरचे खांब पुरतात. खांबाची उंची आजच्या शेतावरून ठरवू नये. तोडणीच्या आदल्या दिवशीचा ऊस डोळ्यांसमोर आणावा.

लांबच्या अंतरासाठी सर्व दिशांना पसरवणाऱ्या अँटेनाऐवजी दिशा धरून पाठवणाऱ्या अँटेनांची जोडी वापरावी आणि घराजवळ व विहिरीजवळ स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट ठेवावेत. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ पासून विनापरवाना वापरता येतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची बाहेरच्या वापरासाठीची मोकळीक २०१८ मध्ये विस्तारली. शक्तीची मर्यादा मात्र आहे, आणि ‘बूस्टर’ लावून ती ओलांडणे बेकायदा तर आहेच, शिवाय निरुपयोगीही. संवाद दुतर्फा असतो. आपला डबा कितीही मोठ्याने ओरडला, तरी भ्रमणध्वनीचा क्षीण आवाज त्यास ऐकू यायला हवा.

आणि प्रत्येक ठिकाणी वाय-फायच हवे असा हट्ट धरू नये. दिवसातून चार वेळा जमिनीतील ओलावा कळवणाऱ्या संवेदकास ते जड पडते. बॅटरी लवकर संपते. त्यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यावर चालणारे लोरा हे तंत्र अधिक योग्य. थोडा मजकूर, फार लांब, अत्यल्प वीज.

विजेविषयी थोडक्यात. उंचावरच्या ॲक्सेस पॉइंटला नेटवर्कच्या तारेतूनच वीज देता येते. पण त्या तारेची मर्यादा १०० मीटर आहे. खांबाला भूसंपर्क आणि तारेला वीजप्रपात-रोधक हे ऐच्छिक समजू नयेत. वळवाच्या पहिल्याच पावसात त्याचे कारण कळते. आणि साखळीतील प्रत्येक डबा बॅटरीच्या जोडणीवर आहे ना, हे पाहावे. या वाक्याकडे शेवटी परत येऊ.

पलीकडची वाट

स्थानिक नेटवर्क उभे राहिले, आता ते बाहेरच्या जगाशी जोडायचे. गावात फायबर आले असेल तर प्रश्न सोपा. नसेल तर? पालघर जिल्ह्यातील खामलोली आणि जांभळांसाठी ओळखले जाणारे बहाडोली या परिसरातील गावांत मुंबईच्या आयआयटीने, प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या मार्गदर्शनाखाली, यावर एक महत्त्वाचा प्रयोग केला. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आठ-आठ मेगाहर्ट्झच्या पंधरा वाहिन्या मावतात, आणि त्यांतील किमान बारा देशात जवळजवळ सर्वत्र रिकाम्या असतात, असे त्यांच्या अभ्यासात आढळले होते. या रिकाम्या वाहिन्यांवरून गावापर्यंत जोडणी नेली आणि गावात वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट बसवले. या पट्ट्यातील लहर साठ सेंटिमीटरच्या आसपासची असल्याने ती झाडीतून आणि उंचसखल भूभागातून बऱ्यापैकी पार होते; शेवटच्या काही मीटरसाठी लोकांच्या हातातील साधा भ्रमणध्वनी वाय-फायवर चालतो. एका वाटेवर दोन वाहने, असे हे नियोजन. ‘ग्राममार्ग’ या नावाने पुढे वाढलेल्या या कामास २०१७ मध्ये मोझिलाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिला पुरस्कार मिळाला.

वारणेचा अनुभव निराळी गोष्ट सांगतो. १९९८ मध्ये वारणा परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांच्या सत्तर गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे आली. ऊसउत्पादकास उसाचे वजन, खताची उचल आणि बिलाची माहिती तेथे मिळू लागली. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी पाहिले, तेव्हा केंद्रांचा वापर मुख्यतः याच मोजक्या माहितीपुरता होता आणि संगणक सांभाळणे महागात पडत होते. त्यांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी लघुसंदेशांवर तेच काम करून दाखवले. शेतकऱ्याला आकडा हवा होता. तो त्याच्या खिशातील यंत्रावर पोहोचला. वाय-फाय बसवण्याआधी, त्यावरून कोणती माहिती कोणाच्या हातात जाणार आहे, हे वारणेकडे पाहून ठरवावे असे मला वाटते.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी योजनेस मंजुरी दिली. तिच्यामुळे किराणा दुकानदार, दूध संकलन केंद्र किंवा शेतकरी उत्पादक कंपनी कोणत्याही परवाना शुल्काविना सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकते. कृषी सेवा केंद्रांनी याकडे अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही. वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावर बीएसएनएलचे सार्वजनिक वाय-फाय फेब्रुवारी २०१५ मध्येच सुरू झाले होते. यात्रेकरू जेथे थांबतात तेथे ते गेले. शेतकरी तासभर थांबतो तो खत दुकानात, बाजार समितीत आणि दूध डेअरीवर.

असे केंद्र चालवताना पाहुण्यांचे नेटवर्क आणि आपले नेटवर्क एकच ठेवू नये. डब्यात ‘गेस्ट’ नावाची सोय असते, ती वापरावी. ज्या नेटवर्कवर मोटारीचा नियंत्रक आहे त्यावर येणारा-जाणारा प्रत्येकजण जोडला जात असेल, तर खोडसाळ माणसास पंप चालू करण्यास फार विद्या लागत नाही. डब्याच्या तळाशी छापलेली व्यवस्थापकाची परवल पहिल्याच दिवशी बदलावी. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ असावा. जुना वेप असेल तर तो डबा बदलावा. मॅक पत्त्यांची यादी करून इतरांना अडवण्याची जुनी युक्तीही आता भरवशाची नाही, कारण अलीकडचे भ्रमणध्वनी आपला खरा मॅक पत्ता लपवून बनावट पत्ता सांगतात.

त्या रात्री लॉजवर परतल्यावर व्यवस्थापकांनी सांगितले, “नेट चला गया है.” आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे समाधान झाले नाही. घाटावरचे संभाषण ताजे असल्याने ते तारेचा माग काढीत गच्चीपासून जिन्याने खाली उतरले. दुपारपासून त्या गल्लीत वीज नव्हती. गच्चीवरचा ॲक्सेस पॉइंट आणि पहिल्या मजल्यावरचा राउटर इन्व्हर्टरवर होते, म्हणून नाव दिसत होते, नोंद होत होती आणि पत्ताही मिळत होता. तळमजल्यावर जिन्याखाली ठेवलेला मोडेम मात्र साध्या विजेच्या खोक्यात खोचलेला होता. त्यांनी शेजारच्या खोलीतील इन्व्हर्टरच्या खोक्यापर्यंत एक जोडवायर ओढली आणि व्यवस्थापकांना दाखवून त्यात मोडेम लावला. वांगी-टोमॅटोच्या कलमाची छायाचित्रे रात्री सव्वादहाला गावाकडच्या गटात पोहोचली, आणि लगेच पहिला प्रश्न आला, की हे रोप आपल्याकडे कधी मिळेल.